फिट दोन मिनिटांची, वैताग दिवसभराचा

किस्से ऐकायला लोक कट्ट्यावर जातात, पार्ट्यांना जातात. मला फक्त सकाळी नऊ वाजता क्लिनिकचं दार उघडावं लागतं. किस्से बाहेर बाकावर बसलेलेच असतात, डबा-बिबा घेऊन!

मी ईईजी टेक्निशियन. म्हणजे पेशंटच्या डोक्याला वायरी चिकटवायच्या आणि मेंदूतल्या लहरींचा आलेख काढायचा. नवरा रेल्वेत. त्याची भुसावळहून जयपूरला बदली झाली, तेव्हा दोन-तीन वर्षांत परत जाऊ असं म्हणत आम्ही अर्ध्या खोक्यांच्या दोऱ्याही सोडल्या नव्हत्या. आता मुलगी माझ्याशी 'आई, मतलब तू ऐक तर सही' अशा मराठीत बोलते. म्हणजे किती वर्षं झाली ते समजा.

बनी पार्कात एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर आमचं क्लिनिक आहे. माणसं तीन. मेंदूविकारतज्ज्ञ कानडे मॅडम, मूळच्या सांगलीच्या. रिसेप्शनवर गोपालजी, पक्के जयपुरी. आणि मी. पेशंट बहुतेक फिट येणारे. इथे तिला मिर्गी म्हणतात, दौरा म्हणतात, 'वो वाली बीमारी' म्हणतात, आणि पुष्कळदा काहीच म्हणत नाहीत, नुसतं बोट वर करतात. महिन्यातून एका रविवारी आम्ही पेशंट आणि घरच्यांची बैठक घेतो. कधी शाळेत, कॉलेजात जाऊन भाषणं देतो.

भाषण पाच वाक्यांचं आहे. फिट आली तर माणसाला कुशीवर वळवा. डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा. तोंडात काही घालू नका. घड्याळ बघा, पाच मिनिटांच्या वर गेली तर दवाखाना गाठा. आणि गोळी एकही दिवस चुकवू नका.

झालं. संपलं. ही पाच वाक्यं सांगता सांगता माझे केस पांढरे झाले. फिट सोपी असते हो. माणसं अवघड!

*

विद्याधर नगरमधल्या एका शाळेत आम्हाला बोलावलं होतं. प्रिन्सिपल साहेब इतके उत्साही, की मॅडमच्या आधी तेच वीस मिनिटं बोलले. अंधश्रद्धा सोडा, विज्ञान धरा, मिर्गीवाल्याला जोडा हुंगवणं ही गुलामी मानसिकता आहे, वगैरे. टाळ्या पडल्या. मॅडम मला हळूच म्हणाल्या, "आपण घरी जाऊ या का? सगळं यांनीच सांगितलं."

मग मॅडम बोलल्या. उन्हात उभ्या असलेल्या पोरांमधली दहावीतली एक मुलगी धाडकन खाली पडली. सकाळपासून पोटात काही नव्हतं, चक्कर आली. फिट-बिट काही नाही.

मॅडम माइक सोडून उतरणार, तोवर प्रिन्सिपल साहेब मुलीजवळ पोचलेसुद्धा. एका पायावर उभे. दुसऱ्या पायातला बूट हातात!

मॅडम माइकवरूनच ओरडल्या, "सर! जूता नहीं!"

साहेब थांबले. बुटाकडे बघितलं, मॅडमकडे बघितलं, आणि अगदी मनाला लागल्यासारखं म्हणाले,

"मैडम, असली चमड़े का है!"

*

काही ईईजी झोपेत काढावे लागतात. त्यासाठी पेशंटला आदल्या रात्री जागायला सांगतो, म्हणजे इथे आल्यावर झोप लागते. केस धुऊन यायचं, तेल लावायचं नाही. एवढं सगळं गोपालजी कागदावर लिहून देतात, वाचून दाखवतात आणि परत म्हणवून घेतात.

चौमूचा बबलू म्हणून बावीस वर्षांचा मुलगा होता. सकाळी त्यांची जीप आली. त्यातून अकरा माणसं उतरली. आजोबा, काका, काकू, आत्या. सगळ्यांचे केस धुतलेले, कोरडे, भुरभुर उडणारे. सगळ्यांचे डोळे लालबुंद. दहा मिनिटांत पूर्ण वेटिंग रूम आडवी! आजोबांचं घोरणं माझ्या मशीनच्या खोलीत ऐकू येत होतं. एका काकूंनी तर गोपालजींच्या टेबलावर डोकं ठेवलं होतं.

जागा फक्त बबलू. ताजातवाना, शेंगदाणे खात बसलेला.

मी विचारलं, "रात को सोए थे क्या?"

"हाँ जी. आठ घंटे."

"अरे, तुमको जागना था!"

बबलूने आजोबांकडे कौतुकाने बघितलं. "दादाजी बोले, लड़का बीमार है, इसको तकलीफ मत दो. हम सब जाग लेंगे."

*

फिट येताना डॉक्टर समोर नसतात. म्हणून मॅडम घरच्यांना सांगतात, पुढच्या वेळी मोबाइलवर व्हिडिओ काढा. हात कसा हलतो, मान कुठे वळते, ते बघून आजाराचा प्रकार कळतो, आणि गोळी त्यावर ठरते. इतकं ते महत्त्वाचं असतं.

आता व्हिडिओ काय काय येतात विचारू नका. एकात चार मिनिटं सीलिंग फॅन. एकात नुसती मामांची पाठ आणि आवाज, "पीछे हटो, पीछे हटो," आणि मागे कोणीच हटत नाही, मामासुद्धा.

पण एक मुलगा आला होता, बहिणीचा व्हिडिओ घेऊन. म्हणाला, "मैडम, एकदम क्लियर है." मॅडमनी चष्मा लावला. प्ले केलं. आधी काळा पडदा, त्यावर सोनेरी अक्षरात बहिणीचं नाव. मग सारंगी. मग स्लो मोशनमध्ये बहीण पडते. मग फोटो, ती लहान असतानाचा. मग परत स्लो मोशन, या वेळी ब्लॅक अँड व्हाइट. शेवटी दोन जोडलेले हात आणि मागे सूर्यास्त!

मॅडमनी चष्मा काढला. मग अगदी शांतपणे म्हणाल्या, "बेटा, ओरिजिनल दिखाओ."

"वो तो डिलीट कर दिया. एडिटिंग इतनी अच्छी हुई थी!"

*

नवरात्र आलं की आमची परीक्षा असते. कारण उपवासाला लोक गोळी सोडतात. एक दिवस नाही, नऊ दिवस.

जगतपुऱ्याच्या विमलाजी. दीड वर्ष एकही फिट नाही. मॅडम गोळी कमी करायच्या विचारात होत्या. नवरात्राच्या पाचव्या दिवशी सासू त्यांना घेऊन आली. उजव्या हाताला कोपरापर्यंत बँडेज. गॅसपाशी उभ्या असताना फिट आली आणि हात उकळत्या दुधाच्या पातेल्यात गेला.

मॅडम चिडल्या की आधी मराठीत चिडतात. "अहो काय केलंत हे!" मग हिंदीत, "दवाई क्यों बंद की?"

सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टरनी जी, व्रत में अन्न नहीं खाते. गोली में क्या होता है, हमें क्या पता?"

सासूबाई काही दुष्ट नव्हत्या. सुनेचा भाजलेला हात त्या स्वतःच्या मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि पदराने वारा घालत होत्या. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं, आणि त्यात 'कोणी' म्हणजे आम्हीच की.

मॅडमनी पेन बदललं. लाल शाईने प्रिस्क्रिप्शनवर मोठ्या अक्षरांत लिहिलं : 'ये गोली व्रत में चलती है.' खाली सही, शिक्का.

त्या दिवसापासून नवरात्रात प्रत्येक कागदावर लाल शाई. लोक लांबून लिहून घ्यायला यायला लागले. एक बाई रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन आली, एक जण खोकल्याची बाटली. मॅडम वैतागून लिहीत होत्या. शेवटी एका दुपारी गोपालजी आत आले आणि त्यांनी मॅडमसमोर कागदात गुंडाळलेली गरम कांद्याची कचोरी ठेवली.

"मैडम, इस पर भी लिख दो ना."

*

अडाणी माणसांवर चिडायचं नाही असं मी ठरवलंय. पण शिकलेल्यांचं काय करायचं?

तरुण नावाचा आमचा एक पेशंट. इंजिनियर, तीन वर्षांत एकही फिट नाही. कॉम्प्युटरसमोर बसायची नोकरी लागली. अर्जात त्याने आजार खरा खरा लिहिला. आम्हीच सांगितलं होतं, लपवू नकोस म्हणून. झालं! कंपनीचं मॅडमना इंग्रजीत पत्र आलं. लेटरहेड असं, की हात लावायची भीती वाटावी. मजकूर असा, की सदर उमेदवाराला सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा या वेळेत फिट येणार नाही, असं प्रमाणपत्र द्यावं.

मॅडमनी पत्र दोनदा वाचलं. मग मला म्हणाल्या, "वानखडे, टाइप कर." आणि सांगितलं :

'आपली कार्यालयीन वेळ उमेदवाराच्या मेंदूला कळवली आहे. त्याच्याकडून लेखी उत्तर आलं की पाठवू. दरम्यान आपल्या इतर कर्मचाऱ्यांना नऊ ते सहा या वेळेत हार्ट अटॅक येणार नाही, याची प्रमाणपत्रं आपण कुठून मिळवलीत, ते कळवावं.'

मी घाबरत घाबरत पाठवलं. पोराची नोकरी जाते की काय! आठ दिवसांनी त्याच कंपनीचं उत्तर आलं. एका ओळीचं.

'आपले प्रमाणपत्र मिळाले. फाइलला लावले आहे.'

तरुण सोमवारपासून कामावर आहे!

*

हे सगळं तिथलं, राजस्थानातलं, असं वाटत असेल तर आता आमच्या मराठी मंडळात चला. रेल्वेतली कुटुंबं, प्राध्यापक, डॉक्टर, दोन-चार बँकवाले, असं मंडळ. एका संध्याकाळी माझंच भाषण ठेवलं होतं. मी मन लावून पाच वाक्यं सांगितली. बटाटेवडे झाले. चहाला निवृत्त प्राध्यापक दामले सर जवळ आले.

"वानखडेबाई, कमाल आहे तुमची. या लोकांत काम करायचं म्हणजे! चपला काय हुंगवतात, जोडे काय हुंगवतात! आपल्याकडे बाई असलं अडाणीपण नाही."

"हो ना सर," मी म्हटलं.

"आपण कांदा देतो!"

मागून दामलेकाकू म्हणाल्या, "पण फोडलेला हं. अख्ख्या कांद्याचा काही उपयोग नाही."

मी कपाळाला हात लावला. पण खरी गंमत पुढे आहे. मी निघाले, चपला घालत होते, तर एक बाई आली. इकडेतिकडे बघून म्हणाली, माझ्या जावेला आहे हो हा त्रास. मंडळात कुणाला बोलू नका, आमच्याशिवाय इथे कुणाकडे नाही. मी म्हटलं, रविवारी बैठकीला घेऊन या. ती गेली. जिन्यात दुसरीने गाठलं. तिचा मुलगा. मंडळात कुणाला बोलू नका. फाटकापाशी तिसरी. तिला स्वतःलाच! गोळ्या साखरेच्या डब्यात लपवून ठेवते म्हणे. नवऱ्याला माहीत आहे, सासरच्या बाकी कुणाला नाही. हे सांगताना ती रडली. अकरा वर्षं ती हे लपवून वागवत होती, आणि तिच्यापासून दहा पावलांवर जिन्यात दुसरी उभी होती.

मी कुणाचं कुणाला सांगितलं नाही. तिघींना फक्त रविवार सांगितला.

रविवारी तिघी आल्या. दारात एकमेकींना बघितलं. तोंडं बघण्यासारखी झाली! आणि तिघीही एकदम म्हणाल्या,

"मी वानखडेबाईंना सोबत म्हणून आले!"

*

आमचा सगळ्यात मोठा प्रतिस्पर्धी दुसरा डॉक्टर नाही. भोपा. भोपा म्हणजे अंगात देव येणारा, झाडफूक करणारा, दोरा बांधणारा माणूस. शहराबाहेर एका गावात एक भोपाजी होते, त्यांचा दोरा आमच्या निम्म्या पेशंटच्या मनगटावर. आमची गोळी घेऊन बरं वाटलं की लोक भोपाजींना नारळ द्यायचे. फिट आली की आमच्याशी भांडायला यायचे!

मॅडम म्हणायच्या, "एकदा हा माणूस मला भेटू दे."

एका दुपारी भेटला. पांढरं धोतर, मोठ्या मिशा, गळ्यात देवाचा ठसा असलेलं चांदीचं पदक. वेटिंग रूममधले चार पेशंट उठून त्यांच्या पाया पडले. भोपाजींनी घाईघाईने आशीर्वाद दिला आणि थेट मॅडमच्या खोलीत आले. मागे नऊ-दहा वर्षांची मुलगी, ओढणी तोंडावर घट्ट धरलेली. त्यांची मुलगी. वर्गात मध्येच गप्प होते, डोळे एका जागी थांबतात, हातातली पेन्सिल पडते. मास्तर मारतात, लक्ष नाही म्हणून.

मॅडमनी हाताची घडी घातली. मी म्हटलं, आता होणार! इतक्या वर्षांचा राग निघणार!

मॅडम म्हणाल्या, "भोपाजी, आपका धागा नहीं बाँधा इसको?"

भोपाजींनी मान खाली घातली. मोठा माणूस, पण आवाज एवढासा झाला.

"डॉक्टर साहब, धागा दुनिया के लिए है. ये तो मेरी बेटी है."

मॅडमची घडी सुटली. उठून मुलीची ओढणी हळूच बाजूला केली आणि तिला विचारलं, "स्कूल में कौन सा सब्जेक्ट अच्छा लगता है?"

मुलगी आता ठीक आहे. मास्तरांना मॅडमनी स्वतः फोन करून काय सुनावलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. भोपाजींनी दोरा बांधणं सोडलं का? छे! पण आता त्यांच्याकडून येणाऱ्या प्रत्येक पेशंटच्या हातात आमच्या क्लिनिकचा पत्ता असतो. भोपाजी सांगतात, दोरा गोळीशिवाय चढत नाही!

*

आता किरणचं सांगते.

किरण विद्याधर नगरची, प्राथमिक शाळेत शिक्षिका. सव्वीस वर्षांची. फाइल छातीशी धरून एकटी यायची. गोळी तिने कधी चुकवली नाही. तरी वर्षातून एखादी फिट यायचीच. तिची तीन स्थळं मोडली, कारण ती स्वतः मुलाला खरं सांगायची. घरचे डोकं आपटायचे. "शादी के बाद बता देना!" किरण म्हणायची, "शादी के बाद बताना, बताना नहीं, पकड़ा जाना है."

चौथा मुलगा मनीष. वीज खात्यात नोकरीला. तिने त्यालाही सांगितलं. तो चहा पिऊन निघून गेला. किरण आम्हाला म्हणाली, "ये भी गया."

चार दिवसांनी दुपारी मनीष क्लिनिकमध्ये हजर. अपॉइंटमेंट नाही. मॅडमना वाटलं, आता विचारणार, मुलांना होईल का, कायमचं बरं होईल का. सगळे तेच विचारतात. हा म्हणाला, "जी, दौरा आए तो मुझे करना क्या है? हाथ से करके दिखा दीजिए."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी क्लिनिकच्या फरशीवर आडवी झाले. मनीषने मला दोनदा कुशीवर वळवलं. पहिल्यांदा चुकला, माझा हात माझ्याच अंगाखाली अडकला. म्हणाला, "एक बार और." तेवढ्यात कुरियरवाला आत आला आणि तसाच बाहेर गेला.

लग्न ठरलं. मनीषने आईवडलांना सगळं सांगितलं. ताऊजींना, म्हणजे वडलांच्या थोरल्या भावाला, तेवढं सांगितलं नाही. त्या घरात ताऊजींच्या शब्दाशिवाय पान हलत नाही.

मॅडमनी किरणच्या घरच्यांना समोर बसवून सांगितलं होतं. अग्नीभोवतीचे सात फेरे दिवसा. गोळी वेळेवर. आणि झोप पूर्ण. झोप मोडली की हिला फिट येते. इकडे फेरे रात्रीच होतात, पंडितजींनी कुरकुर केली, पण दुपारचा मुहूर्त काढला. मॅडम, गोपालजी आणि मी, तिघं लग्नाला गेलो.

किरणला जवळून बघितलं. लाल घागरा-ओढणीचा वेस, कपाळावर बोरला, नथ, सगळं सुंदर. आणि डोळे तारवटलेले.

"सोई थी?" मॅडमनी विचारलं.

"दो रात से नहीं."

रातीजगा! लग्नाआधी बायका रात्रभर देवीची गाणी म्हणतात, नवरीला मध्ये बसवून. एक रात्र आजोळची, एक रात्र घरची. मॅडमचा चेहरा असा झाला, की किरणची मामी दोन पावलं मागे सरकली. म्हणाली, "दवाई तो टाइम पर दी है जी!"

आता काय करणार? मांडवात बसलो. मॅडमनी एकदाही पाठ टेकली नाही.

पहिला फेरा झाला. दुसरा. तिसरा. चौथा फेरा संपताना किरणची मान एका बाजूला वळली आणि ती कोसळली. तिची ओढणी आणि मनीषचा शेला गाठीने बांधलेले, त्यामुळे तोही खाली ओढला गेला. गुडघ्यावर पडला. आधी त्याने तिला अग्नीपासून लांब ओढलं. कुशीवर वळवलं, हात नीट बाहेर काढला. नथ सोडवली. मग डोक्यावरचा साफा उतरवला आणि तिच्या डोक्याखाली ठेवला.

मांडवात एकच गलका. कोणी पाणी आणलं, कोणी किल्ल्यांचा जुडगा तिच्या मुठीत कोंबायला आलं. मी उठले, तर मॅडमनी माझं मनगट धरलं. "थांब. त्याला येतंय."

मनीष घड्याळाकडे बघत होता. "पानी नहीं. हवा आने दो. पीछे हटो." आणि लोक हटले! इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी लोक मागे हटलेले बघितले.

फिट थांबली. "दो मिनट चालीस," मनीष मॅडमकडे बघून म्हणाला. मॅडमनी मान हलवली. मग किरण तशीच पडून राहिली, गुंगीत. हे होतंच, मेंदू थकतो. दहा मिनिटं गेली. पंधरा. पंडितजी घड्याळ बघत होते. सनई कधीच थांबली होती.

आणि ताऊजी उठले. "गाँठ खोलो. लड़के को उठाओ. पहले बात होगी."

मनीषचे वडील खाली बघत राहिले. मनीषने गाठीवर हात ठेवला. सोडायला नाही. कोणी सोडू नये म्हणून.

किरणचे वडील पुढे आले. इथे पगडी, साफा म्हणजे माणसाची सगळी अब्रू. त्यांनी दोन्ही हात स्वतःच्या पगडीकडे नेले, ताऊजींच्या पायांवर ठेवायला. गोपालजींच्या तोंडून "अरे राम" निघालं. मला ते बघवेना.

मनीष जमिनीवरूनच सासऱ्यांना म्हणाला, "बाबूजी, रहने दीजिए. एक नीचे रखी है, बहुत है."

ताऊजी पुतण्याच्या उघड्या डोक्याकडे बघत उभे राहिले.

तेवढ्यात किरणने डोळे उघडले. आधी मांडवाच्या कापडाकडे बघितलं, मग गर्दीकडे, मग मनीषकडे. तिला ओळख पटायला जरा वेळ लागला. जीभ जड होती.

"कितने हुए?"

"चार," मनीष म्हणाला. "तीन बाकी हैं."